अनोळखी हातांचे ऋण

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नासावे वर्ष हे हिशोबाचे वर्ष असते. किती वास्तू उभ्या राहिल्या, किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, स्थायी निधी किती झाला, याचा ताळेबंद अहवालात छापला जातो आणि तो छापला जायलाही हवा. परंतु दानाची आणखी एक वही असते. ती संस्थेच्या कपाटात सापडत नाही. ज्याच्या पडत्या काळात कोणी हात दिला, त्या माणसाच्या मनात ती असते आणि तो जिवंत असेपर्यंत ती मिटली जात नाही. ज्याची ओळख नाही, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, अशा माणसाला संकटकाळी दिलेल्या आधाराचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय जैन परंपरेला नवा नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, आचार्य जिनसेन यांनी आदिपुराणाची रचना केली. त्यात गृहस्थाच्या दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. मुनी व त्यागी यांना नवधा भक्तीने आहारादी देणे ही पात्रदत्ति. आपल्यासारखाच आचारधर्म पाळणाऱ्या गृहस्थाला साह्य करणे ही समदत्ति. आपल्या पश्चात कुटुंबाचा व धर्मकार्याचा भार वारसावर सोपविणे ही अन्वयदत्ति. आणि भयभीत, दीन जीवांना अनुकंपेने अभय देणे ही दयादत्ति.

या चारही प्रकारांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या तीन प्रकारांत घेणारा कोण आहे हे देणाऱ्याला ठाऊक असते. तो गुरू असतो, साधर्मिक असतो किंवा पुत्र असतो. दयादत्तीत मात्र घेणाऱ्याची एकच ओळख पुरेशी ठरते, ती म्हणजे तो भ्यालेला आहे. त्याची जात, भाषा, देश, श्रद्धा यांपैकी काहीही विचारण्याची सोय शास्त्रकारांनी तिथे ठेवलेली नाही. सम्यक्त्वाच्या लक्षणांत अनुकंपेची गणना केली आहे, हेही इथे लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे अनुकंपा हा धर्माचा अलंकार नसून धर्मदृष्टी जागी झाल्याची खूण आहे.

शास्त्रातील ही दयादत्ति प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोल्हापूर-सांगली परिसरात ज्यांच्या घरी लग्न निघते, त्यांची पावले बस्ता बांधण्यासाठी गांधीनगरकडे वळतात. कापडाच्या त्या गजबजलेल्या बाजारपेठेत साड्यांचे भाव करताना फारच थोड्यांना ठाऊक असते, की ज्या जमिनीवर ही पेठ उभी आहे, तिथे एकेकाळी पोलंड देशातील सुमारे पाच हजार माणसे राहत होती. पंचगंगेच्या काठी असलेल्या वळिवडे गावाच्या नावावरून त्या वस्तीला वळिवडे छावणी म्हणत. १९४३ ते १९४८ ही तिची वर्षे.

ती माणसे इथवर कशी आली? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आत शिरले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना १९४० पासून गुरांच्या वाघिणींत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान अशा प्रदेशांत पाठविण्यात आले. थंडी, भूक, रोग आणि सक्तीची मजुरी यांत असंख्य माणसे दगावली. जून १९४१ मध्ये जर्मनी सोव्हिएत संघावरच उलटला, तेव्हा पोलंडच्या लंडनमधील निर्वासित सरकारशी सोव्हिएत संघाचा करार झाला आणि या कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये ते सैन्य व त्याच्यासोबत हजारो स्त्रिया-मुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचली. पुरुष युद्धावर गेले. उरल्या त्या आया, आज्या आणि पोरकी मुले. त्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. जग युद्धात गुंतले होते आणि या माणसांना सामावून घेण्यास फारसे कोणी उत्सुक नव्हते.

त्यावेळी पहिले दार उघडले ते सौराष्ट्रात. नवानगर संस्थानाचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकिनारी पोलिश मुलांसाठी वसतिस्थान उभारले. अनाथ म्हणून आलेली ही मुले त्यांना 'बापू' म्हणत असत. त्यानंतरच्या वर्षी कोल्हापूर संस्थानाच्या भूमीवर वळिवडे छावणी उभी राहिली. तिचा खर्च मुख्यत्वे पोलंडच्या निर्वासित सरकारने उचलला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु जागा, पाणी, शेजार आणि निर्भयता या गोष्टी पैशाने विकत मिळत नाहीत. त्या इथल्या मातीने आणि माणसांनी दिल्या.

ते दिवस यजमानांच्या सुबत्तेचे होते, असेही नाही. देश पारतंत्र्यात होता. १९४२ च्या चळवळीतील अनेक जण तुरुंगात होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. महागाई आणि टंचाई यांची झळ घरोघरी पोहोचली होती. ज्यांचे स्वतःचे घर भरलेले नव्हते, त्यांच्या अंगणात ही परकी माणसे येऊन राहिली. ना भाषा सारखी, ना आहार, ना धर्म. तरीही पाच वर्षे ती सुखरूप राहिली.

छावणीत ओळीने बराकी होत्या आणि प्रत्येक कुटुंबाला आपापले स्वतंत्र घर होते. स्वयंपाकघर वेगळे होते. शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, बालवीरांची पथके होती, नाटके होत असत. आसपासच्या गावांतील माणसे भाजीपाला, फळे, दूध घेऊन येत आणि त्या व्यवहारातून दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांच्या भाषेतले चार शब्द शिकली. वरकरणी पाहता यात अद्भुत असे काही नाही. परंतु जी आई दोन वर्षे मुलांना उपाशी मरताना पाहत आली, तिला स्वतःची चूल पुन्हा पेटविता येणे हीच अद्भुत गोष्ट होती. ज्या मुलाला उद्याचा दिवस उजाडेल की नाही याची खात्री नव्हती, त्याला उद्याचा गृहपाठ मिळू लागला. अभयदान म्हणतात ते हेच. मरणाची भीती दूर झाली की अभयदान संपत नाही. भयाने मोडलेले साधे, रोजचे आयुष्य माणसाला परत मिळते, तेव्हा ते पूर्ण होते.

युद्ध संपले, तरी या माणसांचा वनवास संपला नाही. त्यांची पूर्व पोलंडमधील गावे सोव्हिएत संघात गेली होती. १९४७-४८ मध्ये छावणी हळूहळू रिकामी झाली. काही जण पोलंडला परतले. पुष्कळ जण इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत विखुरले. परंतु विखुरताना त्यांनी वळिवड्याची आठवण सोबत नेली. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्यांनी पुढे भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना स्थापन केली, आठवणी आणि कागदपत्रे गोळा केली आणि ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. म्हातारपणी त्यांतले काही जण पुन्हा कोल्हापुरात आले, बालपणीच्या खुणा शोधत फिरले. आपल्या माणसांची जी थडगी इथे राहिली, त्यांची त्यांनी काळजी घेतली. डॉ. अनुराधा भट्टाचार्जी यांनी या निर्वासितांवर संशोधन करून २०१२ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे नावच 'दुसरी मायभूमी' अशा अर्थाचे आहे.

या छावणीचे एक स्मारक कोल्हापुरातच आहे आणि ते ज्या उद्यानात आहे, त्याचे नाव महावीर उद्यान. हा योगायोग असेल, परंतु अर्थपूर्ण योगायोग आहे. जगाला अभयाचा मार्ग दाखविणाऱ्या तीर्थंकरांच्या नावाच्या बागेत, अभय मिळालेल्या परक्या माणसांनी आपल्या कृतज्ञतेची खूण ठेवली आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे आणि जामसाहेबांच्या स्मरणार्थ 'चांगल्या महाराजांचा चौक' आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पोलंडच्या भेटीत या दोन्ही ठिकाणी अभिवादन केले. आठ दशके उलटली, साक्षीदार बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले, तरी ती वही मिटलेली नाही.

आता गांधीनगरकडे पुन्हा वळू. पोलिश माणसे निघून गेली आणि त्याच बराकींत नवे निर्वासित आले. १९४७ च्या फाळणीने सिंधमधील आपले घरदार, पेढ्या, देवळे मागे टाकून आलेल्या सिंधी कुटुंबांना तिथे आसरा मिळाला. त्या माणसांनी हातात काही नसताना व्यापार उभा केला आणि आजचे गांधीनगर घडविले. एकाच भूमीने एका पिढीत दोन वेळा परक्यांना पोटाशी घेतले. आज त्याच पेठेत आसपासच्या शेकडो गावांतील लग्नांचे बस्ते बांधले जातात. दिलेला आसरा कधी ना कधी देणाऱ्याच्याही अंगणात अशा रीतीने फळतो.

मात्र फळाची अपेक्षा धरून आसरा द्यावा, असा याचा अर्थ नाही. जैन परंपरेत फळाच्या अभिलाषेला 'निदान' म्हणतात आणि माया व मिथ्यात्व यांच्यासोबत त्याची गणना शल्यांत करतात. पायात रुतलेला काटा जसा प्रत्येक पावलाला टोचतो, तसे निदानाचे शल्य प्रत्येक सत्कर्माला टोचत राहते. अनोळखी माणसाला केलेल्या मदतीचे वैशिष्ट्य हे, की तिथे हे शल्य रुतायला जागाच कमी असते. ज्याचे नाव ठाऊक नाही आणि जो उद्या कुठे असेल याचा पत्ता नाही, त्याच्याकडून मान-पान, मतदान किंवा परतफेड कशाची अपेक्षा करणार?

घेणाऱ्याच्या मनावर अशा मदतीचा इतका खोल ठसा का उमटतो, याचेही उत्तर इथेच आहे. नात्यातल्या माणसाने मदत केली तर ती त्याच्या कर्तव्याचा भाग वाटते. न केली तर दुःख होते, केली तर समाधान होते. परंतु ज्याने मदत केली नसती तरी कोणी बोल लावला नसता, असा माणूस जेव्हा थांबतो, तेव्हा संकटात सापडलेल्याला भाकरीसोबत आणखी काही मिळते. जग आपल्याला विसरलेले नाही, आपण अजून माणसांत आहोत, हा विश्वास त्याला मिळतो. सर्वस्व गमावलेला माणूस बहुधा हाच विश्वास आधी गमावून बसलेला असतो.

म्हणूनच देण्याची रीत फार जपावी लागते. दानाचे मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींनी ठरते, असे तत्त्वार्थसूत्रकारांनी सांगितले आहे. त्यांत विधीचा, म्हणजे रीतीचा उल्लेख द्रव्याच्या आधी येतो. कच्छमधील भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह यांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. तेराव्या शतकाच्या मध्यास गुजरातेत व आसपासच्या प्रदेशांत सतत तीन वर्षे दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी आपली धान्याची कोठारे खुली केली. राजांनाही त्यांनी धान्य पुरविले. सर्वानंदसूरींच्या जगडूचरितात ही हकिकत आली आहे. त्यातील एक तपशील मात्र कोठारांहूनही मोठा आहे. ज्या खानदानी माणसांना हात पसरण्याची लाज वाटत असे, त्यांना ते लाडवांत सुवर्णमुद्रा लपवून देत. त्या लाडवांना 'लज्जापिंड' असे नाव होते. उपासमारीच्या काळातही माणसाला लाज असते, आणि ती राखणे हेसुद्धा दानच आहे, ही जाण त्या श्रावकाजवळ होती.

दक्षिण महाराष्ट्राला अशी जाण असणारी माणसे अलीकडच्या काळातही लाभली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसविली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. ती मुले त्यांच्या नात्याची नव्हती, गोताची नव्हती. पुढे ज्यांनी गावोगावी शाळा उघडल्या, त्यांत त्या पंगतीत जेवलेली मुले होती.

आणखी एक प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात असेल. १९९३ मध्ये अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती, गणेशविसर्जन करून गावे झोपली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्यावेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. पहिल्या काही दिवसांत देशभरातून धान्याच्या आणि कपड्यांच्या गाड्या आल्या. ती मदत मोलाचीच होती. पण गर्दी ओसरल्यावर मुलांचे काय, हा प्रश्न उरला. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणले आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी वर्षानुवर्षे सांभाळली. ही मुले कोणत्या समाजाची, हा प्रश्न तिथे गौण होता. संकटाच्या पहिल्या दिवशी धावून जाणे सोपे नसते, हे खरे. तथापि वर्तमानपत्रांतून बातमी नाहीशी झाल्यावरही पाठीशी उभे राहणे त्याहून कठीण असते.

अनुकंपेचा हा प्रवाह कोणत्या वळणाने कुठे पोहोचेल, हे सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा लक्षावधी माणसे पोलंडच्या सीमेकडे धावली. त्यांत शिकायला गेलेले भारतीय विद्यार्थीही होते. पोलंडने या विद्यार्थ्यांना व्हिसाशिवाय आपल्या देशात प्रवेश दिला. पोलंडमधील असंख्य सामान्य कुटुंबांनी युक्रेनमधील अनोळखी माय-लेकरांना आपल्या घरांत जागा दिली. वळिवड्याच्या उपकाराची ही फेड होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या समाजाच्या आज्या-पणज्यांनी परक्या दारातला आसरा अनुभवला, त्या समाजाला दारात आलेल्याची भीती वाचायला कोणी शिकवावे लागले नाही, एवढे नक्की म्हणता येईल.

या साऱ्याचा आपल्या संस्थेशी संबंध काय? सुवर्णमहोत्सवी वर्षात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या समाजातील बहुतेक न्यासांचे कार्य समदत्तीचे आहे. समाजातील विद्यार्थी, विधवा, वृद्ध, त्यागी यांची सेवा हे पवित्र कार्य आहे आणि न्यासाच्या घटनेत जे उद्देश नमूद असतात, ते विश्वस्तांनी पाळलेच पाहिजेत. साधर्मिक वात्सल्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. मात्र समदत्तीचे चार मजले बांधताना दयादत्तीसाठी एखादी खोली तरी राखली गेली का, हे तपासून पाहण्यास हरकत नाही. देणगीदारांची नावे संगमरवरात कोरलेली असतात. ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, असा माणूस रात्री-अपरात्री आपल्या धर्मशाळेच्या दाराशी आला, तेव्हा त्याला काय उत्तर मिळाले, हे मात्र कुठेच नोंदलेले नसते.

अनोळखी माणसावर विश्वास ठेवला तर फसवणूक होते, अशी शंका व्यवहारी माणसे घेतात. ती अनाठायी नाही. वळिवड्याच्या छावणीतही याद्या होत्या, नोंदवह्या होत्या, व्यवस्था होती. चौकशी जरूर करावी, परंतु ती माणसाला दाराच्या आत घेऊन, पाणी देऊन करावी. दाराबाहेर उभे ठेवून केलेल्या चौकशीने फसवणूक टळत असेल, पण तिथे अनुकंपाही टळते.

देणगीदारांच्या संमतीने आणि कायद्याच्या चौकटीत, या वर्षापासून एक लहानसा दयादत्ति निधी वेगळा काढता येईल. तो केवळ आपत्तीसाठी असावा. त्यासाठी कोणा सभासदाची शिफारस लागू नये. दवाखान्यात अडकलेला परगावचा रुग्ण असो, पुराने घर गेलेले कुटुंब असो, किंवा परप्रांतातून आलेला आणि काम सुटलेला मजूर असो, त्याला त्याच दिवशी मदत मिळावी. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील माणसांना २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत स्वतःच्या घराची कुलुपे सोडून परक्यांच्या ओसरीवर रात्री काढाव्या लागल्या. त्यामुळे हे दुःख त्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आणि त्या मदतीच्या वेळी धनादेश हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र काढले जाऊ नये. जगडूशाहांनी लाडवात झाकलेली लाज आपण छायाचित्रात उघडी पाडू नये.

संस्थेच्या शताब्दीच्या वेळी आज इथे बसलेल्यांपैकी अनेक जण नसतील. त्यावेळीही अहवाल निघेल, वास्तूंची यादी छापली जाईल. परंतु कुठल्या तरी दूरच्या गावी एखादा माणूस आपल्या नातवाला सांगत असेल, की एका वाईट दिवशी एका गावात कोणीतरी मला आत घेतले होते. त्याला गावाचे नाव कदाचित आठवणार नाही. संस्थेचे नाव तर त्याला कधी ठाऊकच नव्हते. तरीही ती नोंद त्याच्या वहीत असावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सर्वांना विनम्र प्रार्थना.

जयजिनेंद्र!